एका सेकंदाचं तेल

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं बॉनेट उचललं की इंजिनच्या डाव्या कुशीला कार्ब्युरेटरचे, ॲल्युमिनियमचे दोन घुमट शेजारीशेजारी बसलेले दिसतात. घुमटाला वर निमुळती मान, मानेवर टोपी. जुन्या गाडीवर ती पितळेची, षटकोनी. नंतरच्या गाड्यांवर काळ्या प्लॅस्टिकची. टोपी बोटांनी फिरवून वर घेतली की तिला लटकलेली बारीक कांडी बाहेर येते, आणि कांडीच्या टोकाला करंगळीच्या पेराहून लहान असं पितळेचं नळकांडं. त्यावरून तेलाचा एक थेंब ओघळतो आणि परत मानेत पडतो.

एका घुमटात मावणारं तेल सगळं मिळून चहाच्या चमच्याच्या आसपास. पण जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसांत या चमचाभर तेलावरून जेवढी हुज्जत चालते, तेवढी इंजिनमधल्या चार लिटरवरूनही चालत नाही. कोणी म्हणतं एसएई २० (तेलाच्या जाडीची ठरलेली प्रत) सोडून काहीही घालणं पाप आहे. कोणी इंजिनमधलंच २०डब्ल्यू-५० घालून मोकळा होतो. कोणाची श्रद्धा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल एटीएफवर, कोणाची मोटरसायकलच्या फोर्क ऑइलवर, आणि एखादा घरातल्या शिलाई मशीनची कुपीच घेऊन येतो. गंमत अशी की यातल्या बहुतेकांच्या गाड्या बऱ्या चालतात. सगळेच बरोबर कसे, हे समजून घ्यायचं तर आधी हे तेल करतं काय आणि कधी, ते पाहावं लागतं.

घुमटाखाली आहे तो एसयू कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि टॉमस कार्लाइल स्किनर हे दोघे भाऊ, घराणं जोड्यांच्या धंद्यातलं. त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या दाबाबरोबर हलायला चामड्याचा भाता होता, यात म्हणून नवल नाही. १९१० मध्ये कंपनी झाली, १९२६ मध्ये ती मोटारनिर्माता विल्यम मॉरिसने घेतली, आणि पुढची पन्नासेक वर्षं एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, जॅग्वार अशा गाड्यांवर हाच घुमट दिसत राहिला. एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइटवर सव्वा इंची तोंडाच्या एचएस२ मॉडेलची जोडी, एमजीबीवर दीड इंची एचएस४ची, जॅग्वारच्या पहिल्या ई-टाइपवर दोन इंची एचडी८ तीन.

वेबर किंवा सोलेक्स या दुसऱ्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट ठरलेल्या मापाची असते. ॲक्सिलरेटर अचानक दाबला की जादा पेट्रोल फवारायला त्यात वेगळा छोटा पंप असतो. एसयूमध्ये पंप नाही. तिथे हवेची वाटच लहानमोठी होते. घुमटाच्या आत एक पिस्टन तरंगत असतो (इंजिनच्या पिस्टनशी याचा संबंध नाही), त्याच्या बुडाला निमुळती सुई, आणि सुई खालच्या जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या भोकात) उतरलेली. इंजिनने हवा ओढली की घुमटातली पोकळी पिस्टनला वर खेचते. वाट मोठी होते, आणि सुई वर आल्यामुळे जेटचं तोंडही तेवढंच मोकळं होतं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. इतकी साधी सोय.

साधेपणाची किंमत मोजावी लागते ती थ्रॉटल एकदम उघडल्यावर. पाय दाबला की पिस्टन झटकन वर जाऊ पाहतो. तो तसा गेला तर वाट क्षणात रुंद होते, जेटवरची ओढ ढासळते, आणि पेट्रोल हवेपेक्षा जड असल्यामुळे मागे रेंगाळतं. नेमकं जादा पेट्रोल हवं तेव्हा इंजिनच्या तोंडी नुसती हवा येते. गाडी अडखळते, कधी कार्ब्युरेटरमधूनच फट्‌ असा आवाज काढून शिंकते. यावर उपाय म्हणून पिस्टनची पोकळ दांडी तेलाने भरलेली असते आणि टोपीची कांडी त्या तेलात बुडालेली. पिस्टन वर निघाला की तेल कांडीच्या टोकाच्या नळकांड्याला वर ढकलतं, नळकांडं आपल्या बैठकीवर बसून आतली वाट बंद करतं, आणि तेलाला नळकांड्याच्या कडेने, केसभर फटीतून, वाट काढावी लागते. पिस्टनचा वेग मंदावतो; यालाच डॅम्पिंग म्हणतात. तेवढा वेळ वाट अरुंद राहते, जेटवर ओढ टिकते, पेट्रोल जादा येतं. पाय काढला की उलट: नळकांडं खाली सरकतं, वाट मोकळी होते, पिस्टन अडथळ्याविना खाली पडतो.

म्हणजे या तेलाची नोकरी फार तर एका सेकंदाची. थ्रॉटल उघडल्यापासून पिस्टन आपल्या जागी पोचेपर्यंत. आयडलला त्याचं काम नाही, सरळ रस्त्यावर एका वेगात जाताना नाही, पूर्ण थ्रॉटलवर घाट चढतानाही नाही. पिस्टनचं थरथरणं दाबून धरण्यापुरतं ते तिथे असतं, एवढंच. ‘तेल बदललं आणि ॲव्हरेज वाढलं’ किंवा ‘तेल बदललं आणि टॉप स्पीड पाच मैलांनी वाढला’ असं कोणी सांगितलं, तर त्याने तेलाबरोबर आणखी काहीतरी हलवलेलं असतं.

आता बाटल्यांकडे. एसयूच्या जुन्या पुस्तिका एसएई २० सांगतात, आणि एसयूच्या नावाने मिळणारी डॅम्पर ऑइलची छोटी बाटलीही त्याच जातकुळीची. इथेच पहिली मोठी गफलत होते. २०डब्ल्यू-५० च्या डब्यावर २० दिसतं, म्हणून ते एसएई २० समजून ओतलं जातं. त्या २० पुढचा डब्ल्यू थंडीतला आहे. गोठवणाऱ्या थंडीत इंजिन फिरवताना तेल किती जड जातं, एवढंच तो सांगतो. कोमट कार्ब्युरेटरमध्ये ते तेल एसएई २० च्या दुपटीहून जाड असतं. आकड्यांत पाहू. ४० अंश सेल्सिअसला साध्या एसएई २० ची विष्यंदता, म्हणजे जाडपणा, सुमारे ६८ सेंटीस्टोक, २०डब्ल्यू-५० ची सुमारे १६०, आणि नेहमीच्या एटीएफची सुमारे ३४. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर साधारण दुप्पट. हुज्जत घालणारे इथेच थांबतात: माझं पातळ, तुझं जाड.

पण कार्ब्युरेटर कायम ४० अंशांवर बसत नाही. इंग्लंडातल्या मार्च महिन्यातल्या सकाळी गॅरेजमधून निघताना तो १० अंशांवर असतो. तेव्हा तेच एसएई २० तेल सुमारे ४४० सेंटीस्टोक असतं. तासाभराने, गर्दीत अडकून घुमट ७० अंशांपर्यंत तापला तर तेच तेल २० वर येतं. एकाच चमच्यातलं तेल सकाळ ते दुपार बावीस पटीने पातळ झालं! २०डब्ल्यू-५० या दोन टोकांत सुमारे १०६० वरून ४५ वर येतं, एटीएफ १२५ वरून १४ वर. हे आकडे ब्रँडनुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज हाच राहतो. नीट बघितलं तर लक्षात येतं: तापलेलं एसएई २० हे कोमट एटीएफपेक्षा पातळ आहे. दुपटीच्या फरकावरून माणसं हमरीतुमरीवर येतात आणि वीस पटीचा फरक रोज गाडीच्या नकळत पचवला जातो. सगळ्यांच्या गाड्या चालतात त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

एटीएफच्या बाजूने खरा मुद्दा निघतो तोही इथूनच. त्याचा पातळपणा हा त्याचा गुण नव्हे. गरम-थंडीत ते सर्वात कमी बदलतं, नऊच पट, हा गुण. थंड इंजिनवर जड पडत नाही आणि तापल्यावर अगदीच पाणी होत नाही. एसएई २० वाल्यांचाही एक मुद्दा मात्र सोडू नये. थंड इंजिनला मिक्स्चर थोडं श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचं, लागतंच, आणि सकाळी जाड झालेलं तेल ते फुकटात देतं, चोक आत ढकलल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मैलांत हे जाणवतं. २०डब्ल्यू-५० मात्र कडक थंडीत ही मदत अंगलट आणतं. सिग्नलवरून निघताना पिस्टन वर यायलाच तयार नसतो, इंजिन घुसमटतं, मागून काळा धूर. दहा मिनिटांनी सगळं ठीक, म्हणून मालक ते विसरतो.

गाडी कुठली यावरही गोष्ट बदलते. एमजीबीच्या बी-सीरीज इंजिनमध्ये हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला, त्यामुळे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर शेकत बसतात. मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल असते. ती काढून टाकलेल्या गाड्यांत तेल अकारण पातळ होतं आणि खापर तेलावर फुटतं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनमध्ये एक्झॉस्ट पलीकडच्या बाजूला, म्हणून तिथे कार्ब्युरेटर निवांत. एकाच तेलाबद्दल एमजीवाला आणि जॅग्वारवाला वेगळं बोलतात, आणि दोघेही खरं बोलतात.

उरलेलं अर्धं उत्तर त्या केसभर फटीत आहे, आणि हुज्जतीत त्याचं नाव फार कमी निघतं. तेल जेवढं जाड तेवढा विरोध जास्त, हे सरळ प्रमाण: विष्यंदता दुप्पट, तर विरोध दुप्पट. फटीचं तसं नाही. अरुंद फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. फट सव्वापटीने, नेमकं सांगायचं तर २६ टक्क्यांनी, मोठी झाली की तेल दुप्पट वेगाने निसटतं. एसएई २० घातलेलं असूनही गाडी एटीएफ घातल्यासारखी वागते. फट दुप्पट झाली तर आठपट, मग कुठलंही इंजिन ऑइल पुरं पडत नाही. चाळीस-पन्नास वर्षं वर-खाली झालेलं पितळी नळकांडं आणि त्याच्या भोवतीची दांडीची भिंत झिजलेली असणारच. त्यातून दोन कार्ब्युरेटरपैकी एकाची कांडी मधल्या काळात कुठल्या तरी भंगारातल्या गाडीवरून आलेली असेल, तर पुढचं-मागचं कधीच जुळत नाही.

म्हणून बाटली बदलण्याआधी कांडी हातात घ्यावी. पुसून उजेडात धरावी. नळकांडं कांडीवर वर-खाली थोडं, साधारण मिलिमीटरभर, मोकळं सरकलं पाहिजे. अडकत असेल तर वार्निशसारखा थर जमलाय, पेट्रोलने धुवावं. टोकाची चकती किंवा सर्क्लिप सैल असेल तर ती कांडी बाद. ती तुकडा टाकून दांडीच्या तळाशी जाऊन बसली तर पुढचा सगळा दिवस चिमट्याने तो बाहेर काढण्यात जाईल. कांडी वाकलेली असेल तर नळकांडं एका कडेला घासतं आणि दुसऱ्या कडेला फट रुंदावते. सरळ करायच्या नादी लागू नये, नवी घ्यावी, जोडीनेच घ्यावी.

पुढचा घोळ टोपीचा. एसयूच्या घुमटांचे दोन प्रकार आहेत आणि ते दिसायला सख्खे भाऊ. एका प्रकारात टोपीच्या माथ्यावर बारीक भोक असतं, म्हणजे तेलावरची जागा बाहेरच्या हवेशी जोडलेली. दुसरा धूळरोधक: टोपी बंद, आणि त्याऐवजी मानेच्या आत आडवं भोक, जे तेलावरची जागा घुमटातल्या पोकळीशी जोडतं. टोप्यांचा आटा तोच, म्हणून कुठलीही कुठेही बसते, आणि तिथेच वाट लागते. भोकाची टोपी धूळरोधक घुमटावर बसवली तर बाहेरची हवा टोपीतून थेट घुमटात शिरते. पिस्टन हवा तेवढा वर येत नाही, मिक्स्चर श्रीमंत होतं, धूळही आत जाते. बंद टोपी साध्या घुमटावर बसवली तर तेलावर हवा कोंडते आणि पिस्टनच्या प्रत्येक हालचालीबरोबर दाबली-ओढली जाते. डॅम्पिंग लहरी होतं आणि तेल दांडीवरून बाहेर ढकललं जातं. ‘दर पंधरा दिवसांनी तेल गायब’ ही तक्रार ऐकली की आधी टोपी बघावी. टॉर्च मारून मानेच्या आत आडवं भोक आहे का, एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं.

पातळीचा नियमही याच प्रकारावर ठरतो. भोकाच्या टोपीच्या घुमटात तेल पोकळ दांडीच्या वरच्या कडेच्या १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, वर हवं. धूळरोधक घुमटात दांडीच्या कडेच्या १३ मिलिमीटर खाली. वर आणि खाली यांची अदलाबदल झाली तर एकूण २६ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि चमचाभर तेलाच्या हिशेबात तो मोठा आहे. जास्त झालेलं तेल इंजिनात जाऊन जळतं, थोडा निळसर धूर दिसतो, बिघडत काही नाही. पण जाताजाता ते घुमटाच्या भिंतीवर आणि पिस्टनवर पसरतं, धूळ धरतं, आणि महिन्याभरात पिस्टन चिकटू लागतो. कमी झालं तर नळकांड्याला सुरुवातीला तेलच भेटत नाही. पिस्टन आधी मोकळा उडी मारतो आणि मग अडतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या पहिल्या क्षणी डॅम्पिंग नाही. मोजपट्टी घालायची सोय नसली तर कांडीचीच डिपस्टिक करावी. टोपी हळूहळू खाली न्यावी. टोपी बसायला अजून सहा-सात मिलिमीटर बाकी असताना हाताला विरोध जाणवला तर काम भागतं. दर तीन हजार मैलांनी, म्हणजे पाच हजार किलोमीटरनी एकदा हे पाहणं गाडीच्या मूळ वेळापत्रकातच आहे.

वर्षातून एकदा मात्र नुसतं टॉप-अप न करता जुनं तेल काढावं. इंजेक्शनच्या सिरिंजला चार इंच बारीक नळी लावून सगळं शोषून घ्यावं आणि पांढऱ्या कागदावर सोडावं. मळकं तपकिरी असणं ठीक. दुधाळ असेल तर आत ओल शिरते आहे. चमचमते पिवळे कण दिसले तर नळकांडं झिजतंय. मग घुमट उतरवावा. उतरवण्याआधी घुमट आणि बुडखा यांवर पेन्सिलीने एक आडवी खूण करावी, म्हणजे तो परत त्याच कोनात बसेल. घुमट आणि पिस्टन ही कारखान्यात जुळवलेली जोडी आहे, पुढच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन मागच्या घुमटात कधीही जाऊ नये. धुताना दोन वेगळी ताटं घेतलेली बरी. पेट्रोल किंवा मेथिलेटेड स्पिरिटने, मऊ चिंधीने पुसायचं. पॉलिश पेपर, ब्रासो, काहीही घासायचं नाही. पिस्टनचा घेर आणि घुमटाची भिंत कोरडीच बसवायची. तेलाचा एकच थेंब लावायचा तो दांडीवर. सुईला धक्का लागू द्यायचा नाही. पिस्टन टेबलावर ठेवायचा झाला तर काचेच्या बाटलीच्या तोंडात सुई खाली सोडून ठेवावा.

जोडी अजून जुळते आहे का हे पाहायची एक जुनी चाचणी आहे, आणि ती करण्याची मजा काही औरच. पिस्टनमधली हवेची भोकं रबरी बुचाने किंवा प्लॅस्टिसिनने बंद करायची, तेल न घालता कांडी टोपीसह लावायची, पिस्टन घुमटात पूर्ण आत ढकलून सगळं उलटं धरायचं, आणि घुमट पिस्टनवरून पूर्ण खाली उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. सव्वा इंची कार्ब्युरेटरला तीन ते पाच सेकंद, त्याहून मोठ्यांना पाच ते सात. लवकर पडला तर जोडी झिजली आहे आणि हवा कडेने पळते आहे. फारच रेंगाळला तर मळ आहे किंवा घुमटाला कुठे पोचा आलाय. परत बसवल्यावर बोटाने पिस्टन वर उचलून सोडावा: वर जाताना दाटून, खाली येताना मोकळा, आणि तळाला ‘टक्’ असा धातूचा स्पष्ट आवाज. आवाज आला नाही तर सुई जेटला घासते आहे. हा दोष जेट मध्यावर आणूनच जातो, तेलाने नाही.

घुमटाच्या आत पिस्टनला खाली दाबणाऱ्या स्प्रिंगबद्दल एवढंच. तिचा जोर रंगावरून ओळखायचा: निळी अडीच औंसांची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. जाड तेल मिळालं नाही म्हणून कडक स्प्रिंग टाकणारे महाभाग असतात. स्प्रिंग बदलली की पिस्टनची उंची प्रत्येक वेगाला बदलते, म्हणजे सुईचा सगळा हिशेबच बदलतो. तेल एका सेकंदापुरतं बोलतं, स्प्रिंग चोवीस तास.

आता गाडी रस्त्यावर. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, आयडल आणि मिक्स्चर आधीच बसवलेलं हवं. पिस्टन खिळ्याच्या टोकाने मिलिमीटरभर उचलला की इंजिनचा वेग क्षणभर किंचित वाढून परत बसला पाहिजे. वाढून तसाच राहिला तर मिक्स्चर श्रीमंत, पडला तर गरीब, म्हणजे पेट्रोल कमी. गरीब मिक्स्चर जाड तेलाने झाकता येतं, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात महागडा घोटाळा आहे. पिकअप सुधारतो, मालक खूश होतो, आणि हायवेवर तासन्‌तास पूर्ण वेगात गाडी गरीब मिक्स्चरवर तापत राहते. तिथे तेल मदतीला नसतं. म्हणून आधी जेटचा नट, मग सुई, आणि तेल सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या गिअरमध्ये तीस मैलांच्या वेगाला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरला, मोकळ्या रस्त्यावर पाय एका दमात तळाला न्यावा. पाय गेला आणि गाडी एक क्षण थबकून मग सुटली, किंवा शिंकली, तर डॅम्पिंग कमी: तेल पातळ, पातळी खाली, नाहीतर फट मोठी. थबकली नाही पण जड पाटी डोक्यावर घेतल्यासारखी उठली, आरशात काळसर धूर दिसला, तर डॅम्पिंग जास्त. बॉनेट उघडं ठेवून जागेवर ॲक्सिलरेटर झटकायचीही चाचणी आहे. ती करताना एअर क्लीनर काढलेला असला तर तोंड कार्ब्युरेटरसमोर नको. गाडी शिंकली तर ज्वाळेसह शिंकते. अग्निशामक हाताशी ठेवावं.

एकाहून जास्त कार्ब्युरेटर असले तर सगळ्यांत एकाच बाटलीतलं तेल, एकाच पातळीपर्यंत. वेगळं असलं तर एक पिस्टन आधी उठतो, दुसरा मागून, आणि दोन-दोन सिलिंडर वेगवेगळं जेवण जेवतात. ट्यूनिंग किती केलं तरी ती लंगड जात नाही.

फोर्क ऑइल वापरायचं तर वापरावं, त्यात काही वावगं नाही. पण त्याच्या डब्यावरच्या १०डब्ल्यू, २०डब्ल्यू या आकड्यांवर विसंबू नये. ती पद्धत कंपनीगणिक बदलते. माहितीपत्रकात ४० अंशांचा सेंटीस्टोकचा आकडा पाहावा आणि तो साठ-सत्तरच्या आसपास असला तर घ्यावं. शिलाई मशीनचं तेल एटीएफहूनही पातळ, ते कुपीतच शोभतं. गिअर ऑइलचा ८० म्हणजे इंजिन ऑइलचा ८० नव्हे, मोजपट्टीच वेगळी. शिवाय आधुनिक गिअर ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळेला खातात.

ट्रायम्फवाल्यांसाठी थोडं वेगळं. जीटी६ वर, अमेरिकेत गेलेल्या टीआर६ वर आणि १९७५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या एमजीबीवर एसयूऐवजी झेनिथ-स्ट्रॉमबर्ग असतो. तत्त्व तेच, पण पिस्टनभोवती रबरी पडदा. तेलाचा नियमही तसाच: टोपी बसायला पाव इंच राहिला असताना विरोध जाणवला पाहिजे. फरक आहे तो तेल कुठे जातं यात. सुई वर-खाली करायची सोय असलेल्या नंतरच्या स्ट्रॉमबर्गमध्ये समायोजक स्क्रू पिस्टनच्या आत, तेलाच्या विहिरीच्या तळाशी असतो, आणि त्याला एकच छोटी ओ-रिंग. ती कडक झाली की तेल सुईवरून सरळ इंजिनात. अशा गाडीत जाड तेल घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाण्याऐवजी ताक भरणं; थोडं हळू गळेल इतकंच. ओ-रिंगच बदलावी. आणि तो स्क्रू फिरवताना पिस्टन धरून ठेवणारं खास हत्यार वापरावं, नुसत्या ॲलन कीने जोर केला की पिस्टन फिरतो आणि पडदा फाटतो.

भारतात हे सगळं वाचणाऱ्याच्या दारात एमजी असेलच असं नाही, पण हा घुमट इथे अनोळखी नाही. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनवर एसयूच होता, आणि ते इंजिन एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीतल्या बी-सीरीजचंच भावंड. एक कार्ब्युरेटर, त्यामुळे दुसऱ्याशी जुळवायची भानगड नाही; चालवणारा सावकाश, पाय तळाला न्यायचा प्रसंग विरळा. म्हणून तिथे डब्यातलं मिळेल ते इंजिन ऑइल खपून गेलं. पुण्या-मुंबईच्या हवेत गाडी १० अंशांवर क्वचितच सुरू होते, घुमट मात्र ७० अंशांच्या पुढे सहज जातो. तेव्हा इथे एटीएफ पातळच पडतं, आणि पेट्रोल पंपावर मिळणारं २०डब्ल्यू-४० अजिबात वाईट नाही. इंग्लंडातल्या थंडीत त्याला नावं ठेवणाऱ्यांनी ते एप्रिलमध्ये नागपूरला घालून पाहावं. एसएई २० हवंच असेल तर हायड्रॉलिक ऑइल, आयएसओ व्हीजी ६८, मागावं. ४० अंशांना ६८ सेंटीस्टोक ही त्याची व्याख्याच आहे. सुटं लिटरभर देणारा दुकानदार शोधावा लागेल, कारण त्याच्याकडे ते वीस लिटरच्या बादलीत येतं, आणि आपल्याला लागतात दोन चमचे.